फाळके नसलेल्या गाडीवर माल बांधताना पडू नये म्हणून काय करायचं

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती असोत नाहीतर कुपवाड एमआयडीसीत पाइपांचे बंडल, गाडीला फाळके (म्हणजे कडेच्या फळ्या) नसले की कडेला पाय अडवायला काहीच नसतं. नुसता प्लॅटफॉर्मच चार-साडेचार फूट उंच, वर थप्पी लागली की दहा-बारा फूट सहज होतात, आणि खाली काँक्रीट. चार फुटावरनं डोक्यावर पडलेला माणूसही जातो हो, त्यामुळे एवढ्याशा उंचीला काय होतंय असं म्हणू नका.

पहिलं म्हणजे वर चढायची खरंच गरज आहे का ते बघा. रॅचेट बेल्ट (खटक्याच्या दांड्याने आवळायचा पट्टा) असेल तर लोखंडी टोक आपल्याकडे ठेवून पट्टा खालूनच पलीकडे टाकता येतो (पलीकडे कोणी उभं नाही ना ते बघून) आणि आवळायचाही खालूनच.

चढावंच लागलं तर इंजिन बंद, हँडब्रेक, चाकाखाली ठोकळा आणि चावी चढणाऱ्याच्या खिशात. हे चावीचं मनावर घ्या, कारण वर माणूस आहे हे ड्रायव्हरला माहीत नसतं आणि तो गाडी जरा पुढे घेतो. डोक्यावर विजेच्या तारा असतील तर गाडीच दुसरीकडे लावा.

चढायला शिडी घ्या, वरून बांधलेली किंवा खाली कुणीतरी धरलेली. टायरवर पाय देऊन, रस्स्याला लोंबकळून चढायचं नाही. पावसाळ्यात बुटाचा चिखल आधी झाडा, पाइपांवर तर ऑइल पण असतं. उतरताना तोंड गाडीकडे, उडी अजिबात नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माणूस पडतो तो बहुतेक वेळा रस्सा किंवा ताडपत्री ओढताना, कारण तो मागे मागे सरकत असतो, लक्ष सगळं गाठीकडे, अंगाचा भार मागे टाकलेला, आणि तेवढ्यात जुना रस्सा तुटतो नाहीतर ताडपत्रीची रिंग हातात येते की झालं. म्हणून कडेकडे पाठ करून ओढायचं नाही, रस्सा वरून फक्त खाली सोडायचा आणि ताण खालच्या माणसाने द्यायचा. रस्सा झिजलाय का ते खाली असतानाच हाताने चाचपून बघा. वारा असला तर मोठी ताडपत्री एकट्याने उघडू नका, शिडासारखी फुगते आणि माणसाला घेऊन जाते.

हार्नेसबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, साधारण सहा फुटी दोरीचा हार्नेस (अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा) गाडीवर खालीच पायाशी अडकवला तर दोरी ताणायच्या आधीच माणूस जमिनीवर आदळतो. शेडच्या वरच्या भक्कम बीमला आपोआप आवळणारा ब्लॉक (सैल दोरी आत ओढून घेणारा आणि झटका बसताच ती अडवणारा) लावून घ्या, नाहीतर कडेपर्यंत पोचूच देणार नाही इतकी आखूड दोरी ठेवा. मालाच्या रस्स्याला हार्नेसचा हुक कधीच नको.

आणि कोणी पडलाच तर उचलून बसवू नका, पाणी पाजू नका, मान हलू न देता तसाच ठेवा आणि १०८ ला फोन करा, स्वतः उठून मी बरा आहे म्हणाला तरी दवाखान्यात न्याच.