लॅपटॉपला हलका ॲन्टिव्हायरस निवडताना या चुका टाळा

होमस्टेचं बुकिंग, आंब्याच्या पेट्यांचा हिशोब, मुलांचे प्रोजेक्ट, सगळं घरातल्या एकाच ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर. मालवणपासून दापोलीपर्यंत हेच चित्र. तो रडतखडत चालायला लागला की पहिला संशय व्हायरसवर जातो आणि आणखी एक ॲन्टिव्हायरस टाकला जातो. खरं तर टाकण्यापेक्षा काढण्याची गरज जास्त असते.

विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर हा ॲन्टिव्हायरस आधीपासूनच आहे. घरगुती वापराला तो पुरतो. दुसरा ॲन्टिव्हायरस टाकला तर डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो, पण बाहेरचे दोन एकत्र टाकले तर दोघंही तीच फाइल तपासत बसतात आणि मशीन गुदमरतं. लॅपटॉपबरोबर आलेला ट्रायल ॲन्टिव्हायरस मुदत संपल्यावरही ठाण मांडून असतो. तो आधी काढा, रीस्टार्ट करा आणि विंडोज सिक्युरिटीत 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' चालू आहे ना, ते बघा. एवढं करूनही लॅपटॉप हळूच असेल, तर त्यात जुनी हार्ड डिस्क आहे का पाहा. तिच्या जागी एसएसडी (वेगवान, नव्या प्रकारची डिस्क) बसवल्याने जो फरक पडतो, तो कुठलाही 'हलका' ॲन्टिव्हायरस देणार नाही.

आपल्याकडची खास चूक पावसाळ्यातली. ब्रॉडबँड बंद पडलं की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालतं आणि डेटा वाचवायला 'मीटर्ड कनेक्शन' चालू केलं जातं. मग डिफेंडरचे अपडेट रखडू शकतात. विंडोज सिक्युरिटीतल्या 'प्रोटेक्शन अपडेट्स'मध्ये शेवटची तारीख बघा. जुनी असेल तर तिथलंच बटण दाबून अपडेट करून घ्या.

आता ब्राउझर, कारण बहुतेक भानगडी तिथूनच आत येतात. उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात व्हायरस सापडले' असं सारखं येतंय? बऱ्याचदा ती कुठल्या तरी वेबसाइटची नोटिफिकेशन असते. सिनेमा किंवा निकाल बघताना कोणीतरी 'अलाऊ' दाबलेलं असतं. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडा आणि अनोळखी नावं काढून टाका. पूर्ण स्क्रीनवर इशारा आणि खाली फोन नंबर असेल तर फोन मुळीच करू नका, टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

जाहिराती अडवायला ब्राउझरला जोडायचं एक्सटेन्शन घ्या: क्रोममध्ये यूब्लॉक ओरिजिन लाइट, फायरफॉक्समध्ये पूर्ण यूब्लॉक ओरिजिन. एकच पुरे. 'फुकट संरक्षण' देणारी एक्सटेन्शन्स मात्र जपून घ्या. वापरकर्त्यांची ब्राउझिंगची माहिती विकल्याच्या आरोपावरून २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहक संरक्षण यंत्रणेने अव्हास्ट या ॲन्टिव्हायरस कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले.

शेवटी पेनड्राइव्ह. झेरॉक्सच्या दुकानातून आणला आणि सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले दिसले, तर घाबरून फॉरमॅट मारू नका आणि त्या शॉर्टकटवर क्लिकही करू नका. मूळ फाइली बहुधा आतच लपवलेल्या असतात. आधी पूर्ण पेनड्राइव्ह स्कॅन करा. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या आणि सिस्टिम फाइली दिसतील असं करा, हव्या त्या लॅपटॉपवर कॉपी करा आणि त्यानंतरच फॉरमॅट मारा. पुढच्या वेळी प्रिंटसाठी पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवा, आता बहुतेक दुकानदार घेतात.