पीईआयने पेशीत डीएनए कसा पोहोचवायचा: एचईके २९३टी पेशींसाठी सविस्तर कृती

पेशीच्या बाहेरच्या आवरणावर ऋणभार असतो आणि डीएनएवरही. दोघे एकमेकांना लोटणारच, त्यामुळे डीएनएचा लांबलचक धागा आपणहून आत शिरत नाही. पॉलिइथिलिनइमाइन, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत पीईआय, हा धनभारित पॉलिमर इथे कामी येतो. तो डीएनएला गुंडाळून त्याची नॅनोमीटरमध्ये मोजावी अशी बारीक गोळी वळतो. गोळीवर थोडा धनभार शिल्लक राहतो, त्यामुळे ती पेशीला चिकटते आणि पेशी तिला गिळते. स्ट्रासबुर्गच्या ज्याँ-पॉल बेर यांच्या गटाने १९९५ मध्ये ही युक्ती प्रसिद्ध केली. एचईके, म्हणजे मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडातून काढून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी, यांच्यासाठी तिच्याइतका स्वस्त आणि भरवशाचा मार्ग आजही फारसा नाही. या पेशींवर महागडे लिपिड किट, म्हणजे डीएनए चरबीत गुंडाळणारे तयार संच, खर्ची घालायचे कारण नाही. ते हट्टी पेशींसाठी राखून ठेवा.

प्रयोग फसतो तो बहुधा पॉलिमर वाईट म्हणून नव्हे. भाराचा हिशेब चुकलेला असतो किंवा गोळ्या वळायला दिलेला वेळ चुकलेला असतो. म्हणून आधी हिशेब.

कोणता पीईआय आणि किती

रेषीय पीईआय घ्या, रेणुभार २५,०००. फांद्यांचा पीईआय मधासारखा चिकट द्रव असतो आणि डीएनए तोही बांधतो, पण पेशींना जास्त बाधतो. बाजारात ४०,००० असा आकडा लिहिलेला हायड्रोक्लोराइड क्षारही मिळतो. त्याच्या साखळीची लांबी जवळपास तेवढीच असते, फक्त वजनात आम्लही धरलेले असते. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण हिशेबात नडतो.

पीईआयचा धनभार त्याच्या नायट्रोजनवर असतो आणि डीएनएचा ऋणभार फॉस्फेटवर, म्हणून हिशेब या दोघांचा. पीईआयच्या प्रत्येक ४३ ग्रॅममागे एक मोल नायट्रोजन असतो, तर डीएनएच्या सरासरी ३३० ग्रॅममागे एक मोल फॉस्फेट. म्हणजे १ मायक्रोग्रॅम डीएनएत साधारण ३ नॅनोमोल फॉस्फेट आणि ३ मायक्रोग्रॅम पीईआयमध्ये साधारण ७० नॅनोमोल नायट्रोजन. नायट्रोजन-फॉस्फेट गुणोत्तर झाले २३. हायड्रोक्लोराइड क्षारात प्रत्येक नायट्रोजनमागे ७९.५ ग्रॅम पडतात, म्हणून त्याच ३ मायक्रोग्रॅममध्ये हे गुणोत्तर १२-१३ वर येते. कोणाकडून उसना आणलेला ‘एकास तीन’ (वजनाने एक भाग डीएनए, तीन भाग पीईआय) हा आकडा आपल्या डबीतल्या पावडरला लागू होतो की नाही, हे लेबल वाचूनच ठरते.

डीएनए बांधायला खरे तर एवढा पीईआय लागत नाही. गुणोत्तर २-३ झाले की जवळजवळ सगळा डीएनए गुंडाळला जातो. बाकीचा पीईआय मोकळा फिरतो. ट्रान्सफेक्शन, म्हणजे पेशीत डीएनए पोहोचवणे, वाढते ते त्याच्यामुळे आणि पेशी मरतात त्याही त्याच्यामुळेच, म्हणून प्रमाण शोधायचे ते या दोन्हींच्या मधले.

स्टॉक (साठवून ठेवायचे मूळ द्रावण): १ मिलिग्रॅम प्रति मिली

रेषीय पीईआयची पावडर खोलीच्या तापमानाला साध्या पाण्यात विरघळत नाही, तरंगत राहते. १०० मिलिग्रॅम पावडर सुमारे ९० मिली शुद्ध पाण्यात टाका, चुंबकीय ढवळणीवर ठेवा आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकत पीएच २ च्या खाली आणा. दोन-तीन तास ढवळा. कण दिसत असतील तर रात्रभर राहू द्या. द्रावण पूर्ण नितळ झाल्यावरच सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.० वर आणा. इथे घाई नको. पीईआय स्वतःच बफर आहे, त्यामुळे पीएच बराच वेळ जागचा हलत नाही आणि मग एकदम उडी मारतो. ७ च्या बराच पुढे गेला तर पॉलिमर पुन्हा बाहेर पडून द्रावण गढूळ दिसते. असे झाल्यास परत आम्ल टाका, विरघळू द्या आणि पुन्हा हळूहळू वर या.

शेवटी पाणी घालून १०० मिली करा. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून लॅमिनार हूडमध्ये (गाळलेल्या हवेच्या निर्जंतुक कपाटात) गाळा, एकेक मिलीचे भाग करून उणे २० अंशांवर ठेवा. हायड्रोक्लोराइड क्षार असेल तर आम्लाची पायरी नको; पाण्यात विरघळवा, पीएच ७ करा, गाळा. वितळलेली नळी ४ अंशांवर महिनाभर वापरा, पुन्हा गोठवू नका. नळ्या पॉलिप्रॉपिलीनच्या असू द्या. काचेच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो, पातळ केलेला पीईआय तिथेच चिकटून बसतो.

हूडबाहेरची एक गोष्ट: भारतात अशा कामाची नोंद संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे आधी करावी लागते. प्लाझ्मिड, म्हणजे हवे ते जनुक वाहून नेणारे डीएनएचे वर्तुळ, मागवण्यापूर्वीच अर्ज टाका.

पेशी

एचईके २९३टी पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून किंवा आंतरराष्ट्रीय संग्रहातून घ्या. शेजारच्या लॅबमधून मैत्रीखात्यात आलेल्या फ्लास्कवर विसंबू नका. तसा फ्लास्क आलाच तर पहिल्यांदा मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जीवाणूची चाचणी करा. मायकोप्लाझ्मा साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, मिडियमही (पेशींचे पोषक द्रव) गढूळ करत नाही, पण ट्रान्सफेक्शनचे आकडे निमूटपणे खाली आणतो.

आदल्या दिवशी ६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये प्रत्येक वेलला ६ ते ७ लाख पेशी पेरा, २ मिली डीएमईएम हे मिडियम आणि १० टक्के सीरम (रक्तातला प्रथिनयुक्त द्रव) यांसह, अँटिबायोटिक न घालता. पीईआयमुळे पेशींचे आवरण थोडे सैल होते. एरवी सोसणारे अँटिबायोटिक मग आत जाऊन त्रास देते. दुसऱ्या दिवशी वेलचा ७० ते ८० टक्के भाग भरलेला हवा. जागा फार मोकळी असेल तर प्रत्येक पेशीच्या वाट्याला विषारीपणा जास्त येतो. गच्च भरलेल्या वेलमध्ये पेशींची विभागणी मंदावते, आणि प्लाझ्मिड केंद्रकात शिरते ते मुख्यतः पेशी विभागताना केंद्रकाचे आवरण सुटते तेव्हा. फ्लास्क ओसंडेपर्यंत वाढवून मग पेरलेल्या पेशी दिसायला ठीक असल्या तरी काम कमी करतात.

प्लाझ्मिड

२६०/२८० गुणोत्तर (२६० आणि २८० नॅनोमीटरला मोजलेल्या प्रकाशशोषणाचे, शुद्धता सांगणारे) १.८ ते २.०, तीव्रता ०.५ ते १ मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर आणि एंडोटॉक्सिन (जीवाणूंच्या आवरणातले विष) काढलेली तयारी हवी. सुरुवातीला हिरवे प्रथिन, म्हणजे जीएफपी, देणारे सीएमव्ही प्रमोटरचे (जनुक जोरात चालू ठेवणाऱ्या विषाणूच्या डीएनए-तुकड्याचे) प्लाझ्मिड घ्या. स्वतःच्या जनुकावर पहिला प्रयोग केला आणि काही दिसले नाही, तर दोष जनुकाचा की पद्धतीचा हे कळायला मार्ग राहत नाही. प्लाझ्मिडवर एसव्ही४० या विषाणूचे ओरिजिन (डीएनएची प्रत जिथून सुरू होते ती जागा) असेल तर आणखी बरे. २९३टी मध्ये एसव्ही४० चे मोठे टी-प्रथिन असते, त्यामुळे प्लाझ्मिडच्या प्रती पेशीतच वाढतात.

ट्रान्सफेक्शनचा दिवस

सगळे द्रव खोलीच्या तापमानाला आणा. एका वेलसाठी दोन नळ्या लागतात.

पहिल्या नळीत १५० मिलिमोलर मीठपाणी, म्हणजे गाळलेले सोडियम क्लोराइड, १०० मायक्रोलिटर आणि २ मायक्रोग्रॅम प्लाझ्मिड. दुसऱ्या नळीत तेच मीठपाणी ९४ मायक्रोलिटर आणि पीईआयचा स्टॉक ६ मायक्रोलिटर. दोन्ही हलके मिसळा. मग पीईआयची नळी डीएनएच्या नळीत एका दमात ओता आणि लगेच १० सेकंद व्हॉर्टेक्स करा (नळी यंत्रावर जोरात घुसळा). थेंब थेंब घातले तर आधीच्या थेंबांतल्या डीएनएला पीईआय कमी पडतो, नंतरच्यांना जास्त, आणि गोळ्या एकसारख्या होत नाहीत. इथे सीरम अजिबात नको, कारण सीरमची प्रथिने डीएनएआधी पीईआयला धरतात. मीठपाण्याऐवजी सीरमविरहित मिडियम चालते.

आता १५ मिनिटे थांबा. घड्याळ लावा. मीठपाण्यात या गोळ्या स्वस्थ बसत नाहीत, एकमेकींना चिकटत मोठ्या होत जातात. पाच मिनिटांत त्या फार लहान असतात आणि मिडियममध्ये तरंगत राहतात. पंधरा-वीस मिनिटांत जड होऊन पेशींवर बसू लागतात, आणि प्लेटमध्ये तेच हवे असते. पण फोनवर बोलता बोलता पाऊण तास गेला तर पांढरे कण डोळ्यांना दिसू लागतात. ते पेशीही गिळू शकत नाही. ती नळी फेकून द्या. (५ टक्के ग्लुकोजमध्ये वळलेल्या गोळ्या लहानच राहतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तेच हवे असते. प्लेटमध्ये मात्र अनेकदा मीठपाणीच सरस ठरते.)

हे २०० मायक्रोलिटर वेलभर थेंब थेंब सोडा. प्लेट पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलवा. गोल फिरवली तर गोळ्या कडेला जमतात. वेलमधल्या मिडियममध्ये सीरम असले तरी चालते. ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवा. चार ते सहा तासांनी मिडियम बदला. २९३टी फार नाजूकपणे चिकटलेल्या असतात, म्हणून जुने मिडियम कडेने ओढा आणि ३७ अंशांचे कोमट मिडियम भिंतीवरून सोडा. त्या तरीही सुटत असतील तर पुढच्या वेळी वेलला पॉलि-डी-लायसिन (पेशींना धरून ठेवणारा धनभारित लेप) लावून घ्या.

२४ वेलच्या प्लेटमध्ये सगळे चौथाई: ०.५ मायक्रोग्रॅम डीएनए, २५ अधिक २५ मायक्रोलिटर मीठपाणी, १.५ मायक्रोलिटर पीईआय. दीड मायक्रोलिटर पिपेटने नेमके येत नाही, म्हणून सगळ्या वेल्ससाठी एकच मिश्रण करा किंवा स्टॉक आधी मीठपाण्यात दहापट पातळ करा. १० सेंटिमीटरच्या डिशला सहापट, म्हणजे १२ मायक्रोग्रॅम डीएनए आणि ३६ मायक्रोलिटर पीईआय.

२४ तासांनी हिरवे दिसू लागते, ४८ तासांना बहुधा सर्वात जास्त. डोळ्यांनी अंदाज घ्या, पण टक्केवारी लिहायची असेल तर पेशी एकेक करून मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरवरूनच लिहा. चमकदार पेशी डोळ्याला फसवतात.

प्रमाण आपल्या हाताने ठरवा

पेशींची नवी खेप किंवा नवा स्टॉक आला की २४ वेलच्या प्लेटमध्ये नऊ वेल्सचा तक्ता मांडा: डीएनए ०.२५, ०.५ आणि ०.७५ मायक्रोग्रॅम, प्रत्येकाला पीईआय वजनाने २, ३ आणि ४ पट. सोबत चार वेल्स पडताळणीला: काही न घातलेली, नुसता डीएनए, नुसता पीईआय, आणि जीएफपी नसलेले प्लाझ्मिड पीईआयसह. शेवटची वेल बरेच जण गाळतात. ताणाखालच्या पेशी आपणहूनही थोड्या चमकतात, आणि त्या चमकेची पातळी याच वेलवरून कळते. सर्वात हिरवी वेल निवडू नका. एकूण जिवंत हिरव्या पेशी जिथे सर्वात जास्त, ती निवडा.

बिघडते तेव्हा

पेशी जिवंत आणि निरोगी, पण हिरवे काहीच नाही: आधी डीएनए बांधला जातोय का ते बघा. ०.८ टक्के अ‍ॅगरोज जेलवर नुसता डीएनए आणि वाढत्या पीईआयसह डीएनए चालवा. बांधलेला डीएनए खाचेतच अडकून राहायला हवा. तो नेहमीसारखा पळाला तर स्टॉक मेलेला आहे किंवा पावडर कधी विरघळलीच नव्हती, गाळणीवर राहिली. बांधला जात असूनही काम होत नसेल तर सीरम, मायकोप्लाझ्मा किंवा थकलेल्या पेशी यांच्याकडे वळा. रुग्णाच्या रक्तातून आलेले नमुने हाताळत असाल तर हेपरिन (रक्त गोठू न देणारे औषध) आहे का तेही तपासा. त्याचा ऋणभार इतका दाट असतो की तो पीईआयकडून डीएनए हिसकावून घेतो.

हिरवे भरपूर, पण दुसऱ्या दिवशी निम्म्या पेशी तरंगताहेत: पीईआयचे प्रमाण अर्ध्या-अर्ध्या पटीने (तीन, मग अडीच, मग दोन) कमी करत जा, मिडियम चार तासांनीच बदला, पेरणी थोडी दाट करा. ‘नुसता पीईआय’ ही वेल डीएनएच्या वेलपेक्षा वाईट दिसली तर घाबरू नका. तिथे सगळाच पीईआय मोकळा असतो.

वेलच्या एकाच बाजूला हिरवे: थेंब एका जागी पडले किंवा इन्क्युबेटरची फळी तिरकी आहे. फळीवर पाण्याची पातळी-नळी ठेवून बघा.

कधी उत्तम, कधी शून्य: वितळवून पुन्हा गोठवलेला स्टॉक किंवा थांबण्याचा वेळ दर वेळी वेगळा. वहीत मिनिटे लिहायला लागा.

डीएनएखेरीज दुसरे काही पोहोचवायचे असल्यास

हीच कृती एसआयआरएनएला, म्हणजे ठरावीक जनुक गप्प करणाऱ्या आरएनएला, तशीच लावू नका. तो साधारण २० जोड्यांचा आखूड, ताठ तुकडा आहे. लांब प्लाझ्मिड पीईआयभोवती अनेक ठिकाणी धरून राहते. हा तुकडा थोड्याच जागी धरतो आणि पेशीवरच्या ऋणभारित शर्करांनी ओढला की सुटतो. त्यासाठी लिपिड किंवा चरबीच्या शेपट्या जोडलेला पीईआय बरा. परिणाम मोजताना क्रम विस्कटलेला निरुपयोगी एसआयआरएनए शेजारच्या वेलमध्ये हवाच, नाहीतर पॉलिमरने झालेली घट आपल्या खात्यात जमा होईल.

एमआरएनएची, म्हणजे प्रथिनाचा निरोप नेणाऱ्या आरएनएची, अडचण वेगळी. त्याला बांधणे सोपे, सोडवणे कठीण. पीईआय इतका घट्ट धरतो की आत जाऊनही रायबोसोमला (पेशीतल्या प्रथिने घडवणाऱ्या यंत्राला) वाचायला धागा मोकळा मिळत नाही. पाण्यात हळूहळू तुटणारे पॉलि-बीटा-अमिनो एस्टर तिथे जास्त कामाचे. एमआरएनएला केंद्रकात शिरायचे नसते, त्यामुळे जीएफपी चार ते सहा तासांतच दिसायला लागते. म्हणून पहिली पाहणी २४ तास वाट न बघता तेव्हाच करा.