गिरणगावाचं चित्र रंगवताना या चुका टाळा

लालबाग-परळच्या गिरण्या जलरंगात करताना चित्र बिघडतं ते बहुतेक वेळा रंगामुळे नाही, रेखाटनामुळे. त्यातही चिमणीमुळे.

चिमणी म्हणजे सरळ नळकांडं नव्हे, ती वर निमुळती होत जाते. आधी मधला अक्ष हलक्या पेन्सिलीने आखा, मग दोन्हीकडे सारखं अंतर मोजून कडा काढा. वरच्या तोंडाचं काळं भोक दाखवू नका. रस्त्यावरून ते दिसतच नाही. तोंड नजरेच्या वर असल्याने त्याच्या काठाची रेषा वरच्या बाजूला फुगते. लोखंडी पट्ट्यांचंही तसंच: नजरेच्या पातळीला जवळजवळ आडवे, वर जावं तसे अधिक वक्र. सगळे पट्टे सपाट आखले की चिमणीची गोलाई गेलीच.

करवती छप्पर म्हणजे समद्विभुज त्रिकोणांची रांग नव्हे. प्रत्येक दात्याची एक बाजू उभट, काचेची असते आणि दुसरी उतरती. आत उजेड यावा पण ऊन नको, म्हणून काच उत्तरेकडे. हिवाळ्यात दुपारी उतरत्या बाजूवर ऊन पडतं आणि काच सावलीत राहते. तिला आकाशाचा थंड निळसर करडा द्या. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र मुंबईत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे झुकतो, तेव्हा काचेवरही तिरपं ऊन येऊ शकतं.

विटांसाठी बर्न्ट सिएनात (तांबूस तपकिरी) चिमूटभर अल्ट्रामरीन (गडद निळा) पुरे. सावलीत काळा मिसळला की रंग मरतो. पहिला थर पूर्ण वाळू द्या आणि तेच मिश्रण थोडं निळं करून वर चढवा. एकेक वीट मोजत बसू नका, कडेला पाच-सहा पुरतात.

पावसाळ्यात कागद वाळायला फार वेळ लागतो. अर्धवट ओल्या थरावर पाणीदार ब्रश टेकला की फुलकोबीसारखे डाग उठतात. लगेच चोळू नका. पूर्ण वाळल्यावर ओलसर ब्रशने डागाची कड मऊ करा. कागद किमान 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा), सुती असावा. हलका कागद पोक काढतो आणि पाणी खळग्यांत साचतं.

धुराबाबत काळ आधी ठरवा. 1915 पासून टाटांची जलविद्युत मुंबईत येऊ लागली, तशा गिरण्या कोळशाच्या वाफेऐवजी विजेवर जाऊ लागल्या आणि 1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर बहुतेक गिरण्या हळूहळू बंद पडल्या. मागे काचेचे टॉवर आणि पुढे धूर ओकणारी चिमणी, हे एका चित्रात बसत नाही. टॉवर आकाशाच्याच फिकट रंगात, खिडक्यांशिवाय सोडा.