फाशीच्या खटल्यात घरच्यांनी कागद कसे जमवायचे

मी वकील नाही, वकिलाचा कारकून. सत्र न्यायालयात 23 वर्षं फायली वाहिल्या. खुनाच्या केसमधल्या पोरांचे आईबाप माझ्यापाशी येतात ते बहुतेक वेळा निकालानंतर, गाठोड्यात कागद बांधून. तुम्ही दोषारोपपत्र (पोलिसांची चार्जशीट) हातात पडताच कामाला लागा.

वकिलासाठी मंगळसूत्र मोडू नका. कोठडीतल्या माणसाला, उत्पन्न न विचारता, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. 1987 चा कायदा आहे. हे वकील नुसते उभे राहतात अशी तक्रार असते आणि कधी कधी ती खरीही असते. म्हणून दर तारखेला घरातलं एक माणूस कोर्टात बसवा. वहीत लिहा: आज कोणता साक्षीदार झाला, उलटतपासणी झाली की ‘नो क्रॉस’, म्हणजे आपल्या वकिलाने साक्षीदाराला काही विचारलंच नाही. ‘नो क्रॉस’ झालं तर त्याच दिवशी प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी अर्ज द्या. पोच घ्या, तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

पोलिसांनी घेतलेले जबाब कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. 2003 मधल्या नाशिक जिल्ह्यातल्या दरोडा-खुनाच्या केसमध्ये भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी सुनावली होती. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने सुरुवातीलाच पोलिसांच्या फोटोंमधून चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्या चौघांचा पाठपुरावाच झाला नाही. 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशीचीच शिक्षा दिली आणि 2019 मध्ये त्याच कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी 5 लाख देऊन. तोवर 16 वर्षं गेली.

आता वय. गुन्ह्याच्या दिवशी 18 पूर्ण नसतील तर फाशी देताच येत नाही, आणि हा मुद्दा कुठल्याही कोर्टात, शेवटच्या निकालानंतरसुद्धा काढता येतो. पुण्यातल्या 1994 च्या हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला राजस्थानचा एक मुलगा त्या वेळी साडेबारा वर्षांचा होता. हे 2023 मध्ये सिद्ध झालं ते शाळेच्या रजिस्टरवरून. पोलिसांच्या कागदावर त्याचं नावसुद्धा वेगळं होतं! तेव्हा पोरगं पहिल्यांदा ज्या शाळेत घातलं तिथेच जा आणि जनरल रजिस्टरचा उतारा मागा. एका झेडपी शाळेत गुरुजींनी कपाट उघडलं तेव्हा रजिस्टरचा कोपरा वाळवीने खाल्लेला, पण आमची ओळ शाबूत. जन्मतारीख अर्थातच 1 जून, आपल्याकडे निम्मा गाव 1 जूनलाच जन्मतो. सरकारी वकील त्यावर हसतात, हसू द्या. पाठच्या भावंडांचे उतारेही जोडा, म्हणजे साल पक्कं होतं. शाळा नसेल तर ग्रामपंचायतीची जन्मनोंद. वैद्यकीय तपासणी सगळ्यात शेवटी.

दोषी ठरल्यावर शिक्षेवरचा युक्तिवाद कधी कधी त्याच दुपारी उरकतात. म्हणून फाशी का देऊ नये हे दाखवणारे कागद, आजारपणाचे केसपेपर, ऊसतोडीच्या मुकादमाची चिठ्ठी, शाळा का सुटली त्याचा पुरावा, सगळं आधीच वकिलाकडे द्या. कैद्याची अशी माहिती खालच्या कोर्टातच गोळा व्हावी, असं सुप्रीम कोर्टाने 2022 मध्येच सांगितलंय.

फाशीची शिक्षा झालीच तर निकालाची नक्कल फुकट मिळते. केस मंजुरीसाठी आपोआप हायकोर्टात जाते, पण त्या भरवशावर राहू नका. 30 दिवसांत स्वतःचं अपील टाका.

प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स काढा. मूळ कागद घरीच, पत्र्याच्या पेटीत. कोर्टाने बघायला मागितला तरच बाहेर काढायचा. आमच्या साहेबांनी मागितला तरी झेरॉक्सच द्या.