कृती अशी लिहावी, की दुसऱ्याचाही कंदील उभा राहील

दोन वर्षांपूर्वी नवरात्र संपता संपता ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत ठरले, की या दिवाळीला प्रत्येक घराने आपला आकाशकंदील स्वतः करायचा. लहानपणापासून बांबूच्या कामट्यांचा कंदील करत आल्यामुळे कृती लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले, आणि मी एका संध्याकाळी टेबलाशी बसून, समोर एकही कामटी नसताना, एक पान लिहून सर्वांना वाटले. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरचा नववीतला मुलगा सांगाडा हातात घेऊन दारात उभा राहिला. "काकू, तुम्ही लिहिलंत तसंच बांधलंय, पण उभंच राहत नाही. इकडून धरलं की तिकडून लोळतंय," तो म्हणाला. त्याच्या गाठी पक्क्या होत्या आणि मापेही बरोबर होती. चूक माझ्या पानात होती.

या कंदिलाला ६ चौकोन असतात. ते कोपऱ्याला कोपरा लावून एकमेकांना बांधले, की १२ गाठी पडतात आणि मधल्या जागांत ८ त्रिकोण आपोआप तयार होतात. त्रिकोण चेपत नाही, चौकोन मात्र चेपतो, म्हणून प्रत्येक चौकोनात एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरपी कामटी बांधावीच लागते. ती नसेल तर सगळा सांगाडा पिळवटतो. ही कामटी माझा हात न सांगता बांधतो, आणि हात जे न सांगता करतो तेच लिहिताना निसटते. तेव्हापासून कंदील असो, विणकाम असो की लाकडाची मांडणी, कृती कशी लिहावी याचा मी जो विचार केला, तो येथे कंदिलाच्याच आधाराने मांडत आहे.

कृती आठवून लिहू नये, करता करता लिहावी. हात खळीने, म्हणजे कागद चिकटवायच्या मैद्याच्या चिकटीने, माखलेले असतात, म्हणून शेजारी कोणाला तरी वही घेऊन बसवावे आणि आपण प्रत्येक हालचालीनंतर थांबून नुकतेच काय केले ते मोठ्याने सांगावे. लिहिणारी व्यक्ती त्या कामात नवखी असेल तर फारच उत्तम, कारण "आत्ता तुम्ही कामटी उलटी का फिरवलीत?" हा प्रश्न तीच विचारते. कामटीची सालीकडची बाजू बाहेर ठेवायची असते, हे माझ्या पानावर अशाच एका प्रश्नामुळे आले.

पानाच्या सुरुवातीलाच वस्तू पूर्ण झाल्यावर केवढी होणार हे लिहावे. २० सेंटिमीटर बाजूचे चौकोन घेतले, तर कंदील वरच्या चौकोनापासून खालच्या चौकोनापर्यंत सुमारे २८ सेंटिमीटर उंच होतो, पण एका गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत तो ४० सेंटिमीटर रुंद होतो. ठाण्यातल्या बहुतेक गॅलऱ्यांना ग्रिल असते. घरात पूर्ण केलेला कंदील ग्रिलच्या खिडकीतून बाहेर जाणार की नाही, हे वाचणाऱ्याला कामट्या कापण्याआधी कळले पाहिजे.

माप लिहिताना ते कुठून कुठपर्यंत आहे हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. "२० सेंटिमीटरच्या २४ कामट्या" या माझ्या पहिल्या ओळीचा अर्थ निम्म्या घरांनी कापण्याची लांबी असा घेतला, तर मला गाठीपासून गाठीपर्यंतचे अंतर अभिप्रेत होते. आता मी असे लिहिते: "२२ सेंटिमीटरच्या २४ कामट्या कापाव्यात, प्रत्येकीच्या दोन्ही टोकांपासून १ सेंटिमीटरवर पेन्सिलीने खूण करावी आणि गाठ खुणेवरच मारावी. तिरप्या ६ कामट्या ३१ सेंटिमीटरच्या कापाव्यात. त्यांच्या दोन खुणांमधले अंतर २८.३ सेंटिमीटर ठेवावे, म्हणजे चौकोनाचे कोपरे काटकोनात राहतील." ओळ लांबली खरी, पण चुकायला जागा उरली नाही. हिशेबाने ७ मीटर १४ सेंटिमीटर कामटी लागते. चिरताना काही मोडतातच, म्हणून यादीत ८ मीटर लिहावे.

साहित्याच्या यादीत दुकानात ज्या नावाने वस्तू मागायची तेच नाव द्यावे. जांभळी नाक्याच्या गर्दीत उभे राहून "पातळ रंगीत कागद" मागितला, तर दुकानदार पतंगी कागदही पुढे करील आणि जिलेटीन कागदही. खळीने पतंगी कागद छान चिकटतो, जिलेटीन कागद मात्र टिकत नाही. हे कारणही यादीतच द्यावे, म्हणजे एखादी वस्तू मिळाली नाही तर दुसरी निवडताना वाचणाऱ्याला स्वतः विचार करता येतो.

पायरी लिहिताना एका वाक्यात एकच हालचाल ठेवावी, आणि शेवटी ती पूर्ण झाल्याची खूण द्यावी. हा शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खळीसाठी दोन मोठे चमचे मैदा वाटीभर थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा आणि मंद आचेवर सतत ढवळत राहावे, इथपर्यंत सगळेच लिहितात. पण किती वेळ? माझ्या गॅसवरची पाच मिनिटे शेजारणीच्या गॅसवर पाच मिनिटे ठरत नाहीत. त्याऐवजी पांढरेपणा जाऊन खळ काचेसारखी चकाकू लागते आणि चमच्याच्या पाठीवर बोट फिरवले असता रेघ तशीच राहते, असे लिहिले तर आचेचा आणि भांड्याचा प्रश्नच उरत नाही. वाळण्याचेही तसेच आहे. परतीचा पाऊस रेंगाळला, की ठाण्याच्या दमट हवेत कागदाची कड तासाभरातही वाळत नाही. म्हणून मी तास लिहीत नाही. कडेवर बोटाची पाठ टेकवावी, गार लागली तर ती अजून ओली आहे, आणि अशा वेळी शेजारचा त्रिकोण लावू नये, एवढे पुरते.

भागांना नावे किंवा आकडे आधी द्यावेत आणि ते शेवटपर्यंत बदलू नयेत. वरचा चौकोन १, खालचा २ आणि भोवतीचे चार ३ ते ६ अशा कागदाच्या चिठ्ठ्या दोऱ्याने बांधून ठेवल्या, तर "३ चा उजवा कोपरा ४ च्या डाव्या कोपऱ्याला बांधावा" हे वाक्य लहान मुलालाही समजते. भोवतीचे चारही चौकोन कोपऱ्यावर उभे असतात, पतंगासारखे. हे शब्दांत कितीही सांगितले तरी एका फोटोइतके पटकन कळत नाही. फोटो मात्र करणाऱ्याच्या डोळ्यांच्या जागेवरून, म्हणजे त्याच्या खांद्यामागून घ्यावा. समोरून घेतला तर डावे-उजवे उलटते. गाठीच्या फोटोसाठी मी मुद्दाम लाल दोरा वापरते, कारण कामटीच्या रंगावर पांढरा दोरा दिसत नाही.

धोक्याची सूचना त्या पायरीच्या आधी यायला हवी, नंतर नव्हे. चिरलेल्या बांबूची कूस बोटात शिरते, म्हणून "कामट्यांना पॉलिश पेपर मारावा" हे वाक्य बांधणीच्या आधी हवे. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत असत. ते विषारी आहे आणि कंदील करायला मुलेच पुढे असतात, तेव्हा ते लिहूच नये, दर वेळी ताजी खळ करावी. आत एलईडी दिवाच लावावा, तो कागदापासून दूर टांगावा आणि होल्डरची वायर जोडताना बटण बंद करून प्लग काढलेला असावा, हेही दिव्याच्या पायरीआधी लिहावे.

आपल्या चुका गाळू नयेत. कागद कापताना चारी बाजूंनी दीड सेंटिमीटर जास्त ठेवला नाही तर तो कामटीवर वळत नाही, आणि खळ कडेऐवजी सबंध कागदाला लावली तर रंग उतरून हाताला लागतो. या दोन्ही चुका मी केल्या आहेत आणि त्या दुरुस्तीसह लिहिल्यापासून मला विचारायला येणाऱ्यांची संख्या कमी झाली आहे. ज्यांच्याकडून आपण शिकलो त्यांचा उल्लेखही पानावर करावा. मी चौकोनाची बांधणी वडिलांकडून आणि झिरमिळ्या कातरण्याची घडी चाळीतल्या एका आजींकडून शिकले, हे माझ्या पानाच्या पहिल्याच ओळीत आहे.

पान तयार झाले, की ते कधीही कंदील न केलेल्या व्यक्तीच्या हाती द्यावे आणि आपण समोर बसावे, मात्र एक शब्दही बोलू नये. हे फार कठीण जाते. गेल्या वर्षी चौथ्या मजल्यावरच्या वहिनी माझ्यासमोर सांगाडा बांधत होत्या आणि सातव्या गाठीपाशी त्या बराच वेळ थांबल्या. मी हात पुढे केला नाही, फक्त वहीत "गाठ ७" असे लिहिले. त्या रात्री ती पायरी फोडून तिच्या दोन पायऱ्या केल्या, पानाच्या कोपऱ्यात दुरुस्तीची तारीख घातली आणि सकाळी जुन्या प्रती परत मागवून घेतल्या.