ड्राइव्हवरच्या काहीच फाइलींना ४०३ : डाउनलोड स्क्रिप्टमध्ये माझं काय चुकत होतं

फोंड्यातल्या आमच्या नाट्यमंडळाच्या १३७ संहिता गूगल ड्राइव्हवर आहेत. जत्रेआधी त्या पेनड्राइव्हवर घ्यायला पायथन स्क्रिप्ट लिहिली. स्कॅन केलेल्या पीडीएफ उतरल्या, पण गूगल डॉक्समध्ये टाइप केलेल्या संहितांवर ४०३ (सर्व्हरने नकार दिल्याचा एरर कोड), ‘फाइलनॉटडाउनलोडेबल’. शिवाय स्क्रिप्टला मिळणारी फाइलींची यादी नेमकी १०० वर थांबायची.

शेअरिंग बदललं, लॉगिनचं टोकन नव्याने काढलं, फरक शून्य. दोन रात्री गेल्या, अगदी जीव मेटाकुटीला आला.

गूगल डॉक्सची फाइल थेट उतरत नाही, आधी दुसऱ्या फॉरमॅटमध्ये काढावी लागते. म्हणून आधी फाइलींची यादी मागणाऱ्या ‘लिस्ट’च्या ‘फील्ड्स’मध्ये (कोणती माहिती हवी ते सांगण्याची जागा) आयडी, नेम, माइमटाइप (फाइलीचा प्रकार) मागा, आणि यादी १०० वर थांबू नये म्हणून ‘नेक्स्टपेजटोकन’ (यादीच्या पुढच्या पानाची खूण) हाही मागा. मागितल्याशिवाय तो येत नाही, आणि एका पानात मुळात १०० च नोंदी असतात. हा पुढच्या पानाचा टोकन येणं थांबेपर्यंत लूप चालवा. मग माइमटाइपच्या शेवटी ‘गूगल-ॲप्स.डॉक्युमेंट’ असेल तर ‘एक्स्पोर्ट_मीडिया’ वापरून पीडीएफ काढा, नाहीतर ‘गेट_मीडिया’. फोल्डर वगळा. एक्स्पोर्टला १० एमबीची मर्यादा आहे, हे लक्षात असू द्या.

तरी एक फाइल अडलीच : ‘अंक २/प्रवेश ३’. ड्राइव्हला नावातली तिरपी रेघ चालते, डिस्कला मात्र तो फोल्डर वाटतो. सेव्ह करण्याआधी तिथे आडवी रेघ घातली आणि १३७ च्या १३७ संहिता उतरल्या.