जुन्या विईवर पॉइंट-अँड-क्लिक खेळ: आमच्या घरची मांडणी

अ‍ॅडव्हेंचर गेम, म्हणजे माऊसने वस्तूंवर टिचक्या मारत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ, ही एकट्याने खेळायची गोष्टच नाही. दाराला कुलूप, खिशात नको त्या चार वस्तू, आणि पुढे काय करायचं ते सुचत नाही. अशा वेळी मागे बसून आगाऊ सल्ले देणारी माणसं लागतात. आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या घरात ती आयती आहेत: सासूबाई, जाऊबाईंचा मुलगा, संध्याकाळी डोकावणाऱ्या शेजारच्या बेन. लॅपटॉपपुढे एवढी मंडळी मावत नाहीत, टीव्हीपुढे मावतात. आणि विई म्हणजे टीव्हीला जोडायचं निन्टेंडोचं जुनं गेम कन्सोल, त्याचा रिमोट पडद्यावर रोखला की तोच माऊस होतो. म्हणून मी या कामाला विई निवडलं. नवं कन्सोल कुणी फुकट दिलं तरी इथे ते मला नको.

बडोद्यात विई बहुतेक अमेरिकेहून येतं, कुणाच्या तरी न्यू जर्सीच्या दिराच्या बॅगेतून. तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे अडॅप्टर उलटा करून त्यावरचं बारीक अक्षर वाचा. इनपुट नुसतं १२० व्होल्ट लिहिलं असेल तर तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला दाखवायचासुद्धा नाही. त्यात घालायच्या पिनेचा बदलतुकडा मिळतो, पण तो व्होल्ट कमी करत नाही. इनपुट १०० ते २४० आणि आउटपुट १२ व्होल्ट, ३.७ अँपिअर असा विईचाच पर्यायी अडॅप्टर मागवा. कन्सोलकडची पिन वेगळ्या घाटाची असते, दुसरी कुठली बसत नाही.

आता मॉडिफिकेशन, म्हणजे बाहेरचे प्रोग्राम चालावेत म्हणून विईत करायचा बदल. कन्सोल उघडायचं नाही, झाळकाम नाही. विईच्या सेटिंगमध्ये पहिल्या पानावर वर कोपऱ्यात आवृत्ती दिसते. ती ४.३ असेल तर लेटरबॉम्ब नावाची युक्ती चालते. इंटरनेट सेटिंगमधल्या कन्सोल माहितीत मॅक अ‍ॅड्रेस असतो (त्या यंत्राचा नेटवर्कवरचा खास क्रमांक), तो लिहून घ्या. लेटरबॉम्बच्या पानावर तो आणि आपला विभाग (अमेरिकेचं यंत्र असेल तर यू) भरला की एक झिप फाइल मिळते. ती उलगडून एसडी कार्डावर टाका. कार्ड फॅट-३२ फॉरमॅटचं हवं. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यातलं २ जीबीचं कार्ड उत्तम, सगळं त्यात मावतं. मग कार्ड विईत घालून विईच्या मेसेज बोर्डावर जा. तिथे बॉम्बचं चित्र असलेलं लाल पाकीट दिसेल. आज दिसलं नाही तर एक दिवस मागे जा. तिथेही नसेल तर कन्सोलवरची तारीख तपासा.

पाकीट उघडलं की इन्स्टॉलर सुरू होतो आणि आधी एक इशारा येतो: हे सॉफ्टवेअर तुम्ही पैसे देऊन घेतलं असेल तर तुम्ही फसला आहात. थोडा वेळ थांबल्यावर १ दाबायला सांगतो. बाजारात ‘विई चालू करून देतो’ म्हणून पैसे घेणाऱ्यांसाठी ही पाटी मोठ्या अक्षरात छापून लावायला हवी.

त्या इन्स्टॉलरमधून होमब्रू चॅनल (बाहेरचे प्रोग्राम इथूनच उघडतात) बसवा आणि लगेच बूटमी नावाचा प्रोग्रामसुद्धा. त्यातून कन्सोलच्या आतल्या ५१२ एमबी मेमरीची प्रत काढता येते, आणि ती काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. बूटमीत रिमोट चालत नाही. कन्सोलच्या अंगावरचं पॉवरचं बटण दाबून पुढे सरकायचं, रीसेटने निवडायचं. पडद्यावर काही ‘बॅड ब्लॉक’, म्हणजे मेमरीतले खराब तुकडे, दिसले तर घाबरू नका, ते कारखान्यातूनच तसे येतात. तयार झालेल्या दोन्ही फाइली काँप्युटरवर जपून ठेवा.

खेळ चालवणारा प्रोग्राम म्हणजे स्कमव्हीएम, २००१ पासूनचा. तो जुन्या काँप्युटरची नक्कल करत नाही. खेळाचं इंजिनच नव्याने लिहिलेलं असतं, त्याला फक्त मूळ खेळाच्या डेटा फाइली लागतात. म्हणून विईच्या ७२९ मेगाहर्ट्झ प्रोसेसरला आणि ८८ एमबी रॅमला हे खेळ जड जात नाहीत. विईची आवृत्ती उतरवून कार्डावरच्या ‘ॲप्स’ फोल्डरमध्ये तिचं फोल्डर ठेवा. खेळ प्रत्येकी वेगळ्या फोल्डरमध्ये. मग होमब्रू चॅनलमधून स्कमव्हीएम उघडायचं, खेळ जोडायचा आणि फोल्डर दाखवायचं, खेळ तो स्वतः ओळखतो. ए बटण म्हणजे डावी टिचकी, बी म्हणजे उजवी.

चित्राच्या कडा टीव्हीबाहेर जात असतील तर पर्यायांमध्ये विईसाठी आडवा-उभा अंडरस्कॅन (चित्र आत आकसून घेण्याची सोय) आहे, तो वाढवा. जुने खेळ ४:३ चे, तेव्हा रुंद टीव्हीवर चेहरे पसरट दिसले तर आस्पेक्ट रेशो सुधारणा चालू करा आणि टीव्हीही ४:३ वर ठेवा.

रिमोटला दिशा कळावी म्हणून टीव्हीपाशी ठेवायची पट्टी म्हणजे सेन्सर बार, त्याची वायर आमच्याकडे उंदराने कुरतडली. तो बार म्हणजे दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे, बाकी काही नाही. कॅमेरा रिमोटमध्ये असतो. त्यामुळे टीव्हीखाली एका वीतीच्या अंतराने दोन निरांजनं लावली तरी बाण पडद्यावर नीट फिरतो! फक्त पंखा बंद ठेवावा लागतो, आणि मे महिन्यात बडोद्यात पंखा बंद ठेवणारा माणूस मला अजून भेटायचाय. शेवटी बॅटरीवरचा बार घेतला. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पडदा ओढा, नाहीतर बाण थरथरतो.

कुठला खेळ घ्यायचा? ‘बिनीथ अ स्टील स्काय’ १९९४ चा, कंपनीने २००३ पासून मोफत केलेला, स्कमव्हीएमच्या पानावरच मिळतो. सीडीची आवृत्ती घ्या, त्यात संवाद ऐकू येतात. सुरुवातीलाच नायक बंद दारापाशी अडकतो. आम्ही सगळे दारावरच टिचक्या मारत बसलो होतो. सासूबाई म्हणाल्या, “अगं, दार सोड, तो गज निघतोय का बघ.” निघाला. मुलं लहान असतील तर ‘फ्लाइट ऑफ द अ‍ॅमेझॉन क्वीन’ आधी लावा, तोही मोफत आणि जरा हसवणारा. स्वतःच्या जुन्या सीडी माळ्यावर असतील तर त्यातल्या फाइलीही चालतात, पण कुठला खेळ चालतो ती यादी आधी पाहून घ्या.

सेव्ह फाइली कार्डावरच असतात. आधी कन्सोल बंद, मग कार्ड बाहेर. आणि खेळ सेव्ह करताना नाव ज्याचं त्याने द्यायचं, नाहीतर पुतण्या काकूच्या जागेवर सेव्ह करतो आणि मग भांडण होतं.